धुण्याचा दगड

सरकारच्या वारसा-कार्यक्रमासाठी आम्ही दोघे सहकारी नागपूरहून जीपने गावोगाव जायचो. मी पडद्यावर जुन्या शिल्पांची चित्रं दाखवत पाठ केलेलं भाषण करी. तो मात्र दोन चित्रं झाली की पडद्याकडे पाठ करून लोकांत मांडी घाली आणि म्हणे, “आता तुमी सांगा नं.” लोक सांगत सुटत. मी बाजूला उभा राहून जळत असे.

एका गावी वीरगळाचं, म्हणजे लढाईत पडलेल्याच्या आठवणीतल्या कोरीव दगडाचं, चित्र लागलं आणि बाया हसू लागल्या. तसल्याच दगडावर त्या धुणं धूत. मी त्यांना रागावलो. सकाळी पाहतो तर हा त्याच दगडावर स्वतःचा सदरा धूत बसलेला.

“हा दगडावरचा घोडेवाला कोण होता वं, आजी?”

आजीनं हातातलं धुणं ठेवलं आणि सगळं सांगितलं.

पुढच्या वर्षी त्याची बदली झाली, मी एकटाच गेलो. दगड लिंबाखाली उभा होता, हळदीनं पिवळा. भाषण अर्धवट सोडून मीही खाली बसलो. “सांगा नं, आजी.”

“तुमी त्या साहेबासारखं करून राहिले नं?” आजी म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो.

नागपुरात, नंदनवन वस्तीत भेटला की तो अजून विचारतो, “त्या दगडाचं काय झालं गा?”

“तिकडं जाणंच झालं नाही,” मी म्हणतो. खरं ऐकून तो किती खूश होईल, ते मला बघवणार नाही.