धाकटीची तिसरी होडी

माझी धाकटी जाऊ चौतीस वर्षं दात करत होती, म्हणजे लोकांचे खोटे दात. दाताच्या डॉक्टरांकडे मागच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल होतं. डॉक्टर माप पाठवायचे आणि ती त्यावरून कवळी करून, घासून, चकचकीत करून द्यायची. आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं आहे. आम्ही दोघी कापडाच्या दुकानात गेलो आणि गल्ल्यावरचे गृहस्थ दिलखुलास हसले, की ती माझ्या कानाशी लागायची. "ताई, वरचे सहा माझे." मग त्या माणसाशी गंभीरपणे बोलणं मला जमतच नसे.

ती वरच्या मजल्यावर राहते, मी खालच्या. निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने तिनं घरात दिसेल ते घासलं. दारांच्या कड्या घासल्या, बिजागऱ्या घासल्या, भावोजींच्या चष्म्याची दांडीसुद्धा सोडली नाही. भावोजी म्हणजे तिचे यजमान, माझे धाकटे दीर. ते मला म्हणाले, "वहिनी, हिला काहीतरी काम काढून द्या, नाहीतर उद्या ही मला घासायला घेईल."

त्याच सुमारास तिनं बागेतल्या तळ्यावर होड्यांची शर्यत पाहिली. दोन वीत लांबीच्या, शिडाच्या, घरी केलेल्या लाकडी होड्या. एका काठावरून सोडायच्या आणि वाऱ्याच्या जोरावर पलीकडच्या काठाला लागू द्यायच्या. मध्ये कोणी हात लावायचा नाही. ती घरी आली ती लाकडाचा ठोकळा घेऊनच.

ही शर्यत इथल्या शाळेचे ड्रॉइंगसर भरवतात. तळं लहान, म्हणून होड्या बाराच. जागेसाठी मागे रांग लागलेली असते, म्हणून सरांचा नियम कडक आहे: लागोपाठ तीन वर्षं होडी पलीकडे पोचली नाही, तर ती जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला. धाकटीची पहिली होडी बुडाली. दुसरी निम्म्यावर जाऊन वळली आणि निमूटपणे तिच्याकडेच परत आली. "माहेरची ओढ," असं भावोजी म्हणाले आणि आठ दिवस अबोला भोगला.

दोन्ही वेळा नडला तो तिचा अंगठा. इतकी वर्षं घासून घासून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा धरलाय. हातात पॉलिश पेपर घेतला की दहाव्या मिनिटाला तिच्या कपाळावर आठ्या. त्यामुळे होड्यांची पोटं जाड आणि ओबडधोबड राहिली. यंदा तिसरं वर्ष होतं. होडी पोचली तर जागा राहणार, नाहीतर पुढे काठावर उभं राहून दुसऱ्यांच्या होड्या बघायच्या.

शर्यत रविवारी. त्याआधीच्या बुधवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, ती जिना उतरून माझ्याकडे आली. पायांत दोन वेगवेगळ्या चपला आणि हातात एक खोका.

"ताई, आमचे हे नळाची चकती आणायला गेले होते आणि हे घेऊन आले."

"आणि चकती?"

"नळ गळतोय. गळू दे. हे बघा तरी."

जाडसर पेनाएवढं यंत्र होतं ते. पुढे अंगठ्याच्या नखाएवढं सपाट डोकं, त्यावर पॉलिश पेपरचा तेवढाच तुकडा चिकटवायचा. बटण दाबलं की ते डोकं इतक्या जलद पुढेमागे होतं, की हललेलं दिसतच नाही, नुसती गुणगुण ऐकू येते. तिनं माझ्या पोळपाटाच्या पायाला ते हळूच टेकवलं. क्षणात काळपट लाकडातून पिवळाधमक ठिपका उघडा पडला.

"दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. अंगठ्याला कळतसुद्धा नाही," ती म्हणाली. तिचे डोळे असे चमकत होते, की पोळपाटाबद्दल बोलायचं मी विसरून गेले.

पुढचे तीन दिवस मी वर मुक्कामालाच असल्यासारखी होते. तिनं कवळ्यांच्या दिवसांतला मास्क लावला, मला एक दिला, यंदाची कोरून ठेवलेली होडी मांडीवरच्या ओल्या टॉवेलवर आडवी घातली आणि यंत्र सुरू केलं. आधी खरखरीत कागद, मग मध्यम, मग बारीक. लाकडाची पिठी टॉवेलवर साचत गेली. जे पोट दोन वर्षांत उतरलं नव्हतं ते गुरुवारी दुपारपर्यंत उतरलं. मध्येच ती यंत्र थांबवायची, मास्क खाली ओढायची आणि होडी खालच्या ओठावरून अलगद फिरवायची.

"ही काय तऱ्हा?" मी विचारलं.

"बोट फसतं, ताई. ओठ फसत नाही. तोंडात एक केस गेला तर दोरखंडाएवढा लागतो की नाही? इथे बघा, इथे आहे काहीतरी."

मीही ओठ लावून पाहिला. खरंच होतं. तेवढ्यात भावोजी चहा घेऊन आले. दोन प्रौढ बायका आळीपाळीनं होडीची पापी घेताना पाहून त्यांनी चहा खाली ठेवला आणि आल्या पावली निघून गेले.

शुक्रवारी तिनं डेक कापला, म्हणजे होडीवर झाकणासारखी बसणारी पातळ फळी. तिला वरून रोगण लावून उन्हात खिडकीत ठेवली. शनिवारी दुपारी ती फळी होडीच्या कडांवर बसवायची होती. फट राहिली तर पाणी आत, आणि होडी तळाला. पण इथे धाकटी निर्धास्त होती. हे तर तिचं रोजचं काम. कवळी चावताना कुठे उंच लागते ते पाहायला दातांत निळा कार्बन कागद धरतात. जिथे निळा ठिपका उठतो तिथे घासायचं. तिनं कडांवर निळा कागद ठेवला, वरून फळी दाबली, उचलली. उजव्या कडेला पुढे आणि मागे ठिपके होते. यंत्र गुणगुणलं, ठिपके गेले. पुन्हा कागद, पुन्हा ठिपके, पुन्हा यंत्र. तिचा हात असा रंगात आला होता, की मी नुसती बघत बसले.

पाऊण तासानं तिनं होडी डोळ्यांसमोर सरळ धरली आणि तशीच धरून राहिली.

उजवी कड डावीपेक्षा चांगली करंगळीच्या पेरानं खाली गेली होती. आणि फळीखालची फट होती तशीच.

"ताई," ती म्हणाली, "मी घालवली हिला."

मी कोपऱ्यावरच्या सुतारांना बोलावून आणलं. त्यांनी होडीकडे पाहिलंच नाही. त्यांनी फळी उचलली, तिच्यावर लोखंडी पट्टी उभी धरली आणि उजेडाकडे केली. पट्टीखालून उजेडाची कोर दिसत होती.

"काकू, फळीच वाकली आहे. एका बाजूनं रोगण लावून उन्हात ठेवली होती का?"

"हो."

"मग? वाकड्या फळीला जुळवायला तुम्ही सरळ होडी घासत बसलात."

धाकटी मटकन खुर्चीत बसली. मग तिनं जे सांगितलं ते मला फार खरं वाटलं. "प्लॅस्टरचा साचा कधी वाकत नाही हो. चौतीस वर्षं एक वस्तू खरी धरायची आणि दुसरी तिच्याप्रमाणे घासायची, एवढंच केलं. खरी धरलेली वस्तू तपासायची असते हे डोक्यातच आलं नाही."

"आता उजवी बाजू काही वाढत नाही," सुतार म्हणाले. "पुढच्या वर्षी करा दुसरी."

"पुढचं वर्ष नाहीये मला, दादा."

ती उठली. तिनं पेन्सिलीनं डाव्या कडेवर उजवीएवढी रेघ मारली आणि यंत्र उचललं. मी तिचा हात धरला. "अगं, आधीच खाली गेलीय, आणखी बुटकी करतेस? लाट वरून जाईल."

"जाऊ दे वरून. आत नाही गेली म्हणजे झालं. बुटकी चालेल, तिरकी नाही चालणार."

सुतार दुकानात जाऊन आपली फळी घेऊन आले, पट्टीनं तपासलेली. दोन्ही बाजूंनी रोगण लावायचं ते त्यांनीच दाखवलं. संध्याकाळी पावणेसातला निळा कागद सगळीकडून सारखा उमटला, आणि तिनं गोंद लावला.

रविवारी सकाळी आठला तळ्यावर वारा सुटलेला होता. उंच, डौलदार अकरा होड्या आणि त्यांत ही एक, पाण्यावर चपटी टेकलेली, छत्रीच्या कापडाचं शीड लावलेली. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "बाई, तुमची आत्ताच अर्धी बुडालेली दिसतेय." धाकटीनं त्यांच्या दातांकडे एकदा पाहिलं आणि सोडून दिलं.

सरांनी शिट्टी फुंकली. आमची होडी निघाली ती दहावी. आम्ही दोघी काठाकाठानं चालू लागलो, मग आमचं चालणं पळण्यात कधी बदललं ते कळलं नाही. माझे गुडघे मला काय म्हणत होते ते मी ऐकलं नाही. भावोजी मात्र बाकावर तळ्याकडे पाठ करून बसले होते. निम्म्यावर वाऱ्याचा झोत आडवा आला. उंच होड्यांच्या बाजूंना तो बसला आणि तीन कलंडल्या, दोन एकमेकींत अडकल्या, एक गरागरा फिरू लागली. आमच्या होडीला वाऱ्यानं धरावं असं काही अंगच नव्हतं. लाट तिच्यावरून सरकन गेली, ती दिसेनाशी झाली, आणि धाकटीची बोटं माझ्या दंडात रुतली. मग पाण्यातून शिडाचं टोक दिसलं, त्यामागून चकचकीत डेक. सरळ निघाली होती.

पलीकडच्या दगडाला ती पाचवी लागली. ठक्क असा बारीक आवाज झाला. धाकटी चपलांसकट पायरीभर पाण्यात उतरली आणि होडी उचलून हलवून पाहिली. आत थेंब वाजला नाही.

भावोजी लगबगीनं आले. "लागली?"

"लागली."

ते तसेच सरांकडे गेले. "सर, पुढच्या वर्षी माझं नाव घ्या. यंत्र घरचंच आहे."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "रांगेत उभे राहा. एक जागा सुटेल असं वाटत होतं, पण तुमच्या घरच्यांनी ती सोडली नाही."

भावोजी गेले आणि खरंच रांगेत उभे राहिले. त्यांच्यापुढे सातजण होते.