माघारीची जाहीर सभा

बहात्तरच्या उन्हाळ्यात मी आमच्या गावात कुटुंबनियोजनावर भाषण केलं, तेव्हा माझी बायको गरोदर होती.

ही गोष्ट तिला ठाऊक होती आणि मला ठाऊक होती. आईला आणि गावाला ठाऊक नव्हती. भाषण संपेपर्यंत (खरं तर ते संपलंच नाही) तीही उणीव भरून निघाली.

मी तेव्हा सुप्याच्या पुढे, नगर रस्त्यावरच्या एका गावात, हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. घरात आई, बायको कुसुम आणि दोन मुलं. कुसुमला जूनपासून नगरला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायचं होतं. तिथेच राहायचं, शनिवारी एस.टी.नं घरी यायचं. मॅट्रिक झाल्यापासून तिचं हे एकच मागणं होतं, आणि लग्न, मुलं, सासऱ्यांचं आजारपण अशा कारणांनी ते दरवर्षी पुढे ढकललं जात होतं. या वर्षी आई तयार झाली. पण तिने अट घातली.

"दोन पोरं मी सांभाळीन. तिसरं झालं तर शिकणं बंद. आधीच सांगून ठेवते!"

म्हणजे कुसुमचं सगळं भवितव्य तिसरं न होण्यावर आलं, आणि ते न होण्याची जबाबदारी मी अंगावर घेतली. कुसुमने तसं सुचवलं नव्हतं.

"सरकारी दवाखान्यात फुकट वाटतात म्हणे. ते आणा ना," ती म्हणाली.

"तिथला कंपाउंडर माझा विद्यार्थी. त्याला मी नववीत नापास केलंय. आता त्याच्यापुढे हात पसरू?"

"मग मी नर्सबाईंकडून लूप बसवून घेते."

"कशाला? मी आहे ना!"

"तुम्ही आहात म्हणूनच म्हणते."

मी एका जाड ग्रंथात वाचलं होतं की, संयमी पुरुषाला कसल्याही साधनाची गरज नसते; ऐन क्षणी माघार घेतली की झालं. इतिहासाच्या शिक्षकाला ही कल्पना पटायला वेळ लागत नाही. आमच्या विषयात माघारीला मोठा मान आहे. गनिमी कावा तर मी वर्षानुवर्षं मुलांकडून पाठ करून घेत होतो! (ग्रंथात पुढच्या पानावर या उपायाबद्दल आणखीही काही लिहिलं होतं. पण मला पटण्यासारखं सगळं आधीच्याच पानावर आल्यामुळे मी पान उलटलं नाही.)

आमच्या घरात तेव्हा बाजूला बसण्याची पद्धत कडक होती. महिन्याचे ते दिवस आले की कुसुम मागच्या दारी चटई टाकून वेगळी बसायची, आई स्वयंपाक करायची आणि मी आडाचं पाणी शेंदायचो. त्यामुळे घरातली ही सर्वांत खासगी बातमी आळीत सर्वांत आधी पोचायची. या दिवसांत पुरुष सहसा वैतागतात. मी मात्र ती चटई पाहून खूश व्हायचो. माझ्या संयमाचा निकाल जाहीर झाल्यासारखं वाटायचं, आणि पोहरा सोडताना मी चक्क गुणगुणायचो.

"बायको बाजूला बसली की याला गाणी कसली सुचतात?" आई विचारायची.

मार्च महिन्यात चटई कोपऱ्यातून निघालीच नाही. मी येता-जाता तिच्याकडे बघायचो. ती गुंडाळलेली, निवांत.

"तुमची माघार फसली," कुसुम म्हणाली.

"अशक्य! मी तर दर वेळी..."

"दर वेळी तुम्ही स्वतःला शाबासकी दिलीत. मला कधी विचारलंत?"

"पण मला तसं काही जाणवलं नाही!"

"तुम्हाला कसं जाणवेल? उलट्या मला होताहेत."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. नगरसाठी घेतलेल्या दोन सुती साड्या तिने ट्रंकेतून काढल्या, जरा वेळ मांडीवर ठेवल्या आणि परत ट्रंकेच्या तळाशी घातल्या. ते मला बघवेना. आणि मला काही बघवेनासं झालं की मी योजना आखतो.

"आई कॅलेंडर बघत नाही," मी म्हणालो, "आई चटई बघते. तू चटई टाक."

"म्हणजे खोटं बसू?"

"जूनपर्यंत. एकदा तू नगरला गेलीस की मी आईला सांगतो."

"तुम्ही सांगणार? आईंना?"

"हळूहळू सांगेन."

दुसरा इलाज नसल्याने कुसुम बसली. मार्चमध्ये थोडी उशिरा, एप्रिलमध्ये वेळेवर. काम तिने चोख केलं. फोडणीच्या वासाने तिला मळमळायचं, त्यामुळे स्वयंपाकघरापासून सुटका झाली ती वेगळीच. घोटाळा केला तो मी. तिला कैऱ्यांचे डोहाळे लागले आणि मी त्या शाळेच्या पिशवीतून चोरून आणू लागलो. एक दिवस आईने पिशवी उघडली.

"कैऱ्या? कुणाला?"

"मला."

"तुला आंबट कधी चालत नाही."

"हल्ली आवडतं."

"मग खा बघू."

मी खाल्ली. तिच्यासमोर उभा राहून, सबंध, मिठाशिवाय. त्यानंतर आई रोज माझ्यासाठी पानात कैरी वाढू लागली. माझे दात असे आंबले की वर्गात लढायांची वर्णनं मला ओठांनीच करावी लागली.

मे महिन्यात हेडमास्तरांनी मला बोलावलं. गावात कुटुंबनियोजनाची सभा होती, तालुक्याचे साहेब येणार होते.

"भाषण तुम्हीच करा," ते म्हणाले. "आपल्या शाळेत दोन मुलांवर थांबलेले शिक्षक तुम्ही एकटेच."

नाही म्हणायला माझ्याकडे सबळ कारण होतं. ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

सभा शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरली. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मध्ये नर्सबाई. बायकांत पुढेच आई आणि कुसुम. कुसुमचं मे महिन्याचं बसणं नुकतंच पार पडलं होतं. साहेब जीपमधून उशिरा आले, हार घालून घेतला आणि लोकसंख्येच्या संकटावर बोलले. त्यांना स्वतःला पाच मुलं असल्याने विषयात जिव्हाळा होता. मग मी उठलो.

"बंधुभगिनींनो! साधनं दुय्यम आहेत. खरं साधन म्हणजे पुरुषाचा संयम!"

"म्हंजी कसं वो, गुर्जी?" आमच्या आळीतला किसनराव मागून ओरडला.

"म्हणजे ऐन वेळी माघार घ्यायची."

"अन् ती जमती व्हय?"

"मनावर ताबा असला की जमते."

"तुमास्नी जमली?"

"जमली म्हणून तर दोनावर थांबलो!"

टाळ्या पडल्या. त्या ओसरायच्या आत कुसुम तोंडावर पदर धरून उठली आणि शेडच्या कडेला जाऊन ओकली.

शेजारच्या राधाक्का टाचा उंचावून बघत होत्या. "आगं बया! गुर्जी, मालकिनीला दिवस गेल्यात की तुमच्या!"

"नाही, नाही! ऊन लागलं असेल," मी व्यासपीठावरून म्हणालो.

"उनानं आसं हुतं व्हय? मला काय कळत न्हाई? आठ पोरं झाली मला!"

तेवढ्यात आई उभी राहिली. ती आयुष्यात कधी पुरुषांसमोर मोठ्याने बोलली नव्हती. त्या दिवशी ती साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"काहीतरी बोलू नका, राधाक्का! परवापर्यंत बाजूला बसली होती ती. मी स्वतः लांबून वाढलंय तिला!"

सगळ्यांनी कुसुमकडे पाहिलं. कुसुमने माझ्याकडे पाहिलं. मग आईनेही माझ्याकडे पाहिलं.

"वसंता?"

मी पाण्याचा पेला उचलला. त्यात पाणी नव्हतं, तरी प्यायलो.

"गुर्जी," किसनराव म्हणाला, "आता घ्या माघार!"

पत्रे हादरले. भाषण संपलं असं समजून साहेबांनी टाळ्या वाजवल्या. कुसुमने तोंड पुसलं आणि बायकांना एवढंच सांगितलं, "ह्यांचं ऐकू नका. नर्सबाईंना विचारा." बायका घोळक्याने नर्सबाईंभोवती जमल्या. सभा अत्यंत यशस्वी झाली, असं साहेब जाताना म्हणाले.

घरी आई पाटावर बसली. कुसुमनेच सुरुवात केली.

"आई, चुकलं माझं. नगरचं मी रद्द करते."

"कुणी सांगितलं रद्द करायला?"

"तुमची अट होती ना..."

"खोटं बसलीस त्याचा राग आहे मला. उन्हाळ्यात चुलीपुढे एकटी राबले मी. पण हे जे झालं, ते तू एकटीनं केलंस का? अट मोडली यानं, तर शिक्षा तुला कशी? तू जा. बाळंतपणाला ये आणि परत जा. पोरं मी बघेन. रात्री उठायला हा आहे." (कुसुम गेली, शिकली, शिक्षिका झाली. रात्री मी उठलो.) "आणि ते माघारीचं खूळ आजपासून बंद!"

"आई, ग्रंथात स्पष्ट लिहिलंय की संयमी पुरुषाला..."

"मला नको सांगूस. तुझ्या वडिलांना कुठं ग्रंथ वाचावा लागला होता? थोरल्या दोघांच्या पाठीवर तेही हेच म्हणायचे. काळजी करू नकोस, मी आहे ना!"

"मग?"

"मग काय? तू झालास."