केनच्या बटाट्यांचा वास

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. सासूबाई दृष्ट काढायच्या तेव्हा मला चांगल्या मिरच्या वाया गेल्याचंच वाईट वाटायचं. आमचे हे डॉक्टर, इंग्लंडात लेस्टरच्या हॉस्पिटलात तीस वर्षं काढली. घरात अंगारा नाही की ताईत नाही. तेव्हा पुढचं वाचून कुणी मला वेडी म्हणालात तर म्हणा... मीही स्वतःला तेच म्हणून पाहिलंय.

हे गेल्यावर मी मुलाकडे राहायला आले. रोहन तिथल्याच लिंकनशायरमधल्या एका खेड्यात जीपी, म्हणजे गावचा डॉक्टर. गावाचं नाव देत नाही, माणसं अजून तिथेच आहेत. साल दोन हजार सहा-सात. जमीन अगदी पोळपाटासारखी सपाट. कोबी, बीट, बटाटे, आणि गावाबाहेर भाज्या धुऊन पिशव्या भरायची मोठी शेड, तिथे पोलंडकडची पोरं-पोरी कामाला. पूर्वी दहा घरं करायची ती शेती आता दोन मोठे लोक करतात. म्हातारे उरले घरात. मग त्यांनी करायचं काय? तर बुधवारी दुपारी दोन वाजता व्हिलेज हॉलमध्ये कार्पेट बोल्स. लांब सतरंजीसारखं हिरवं कार्पेट अंथरायचं आणि त्यावरून जड गोळे घरंगळत सोडायचे. मध्ये चहा. चहाबरोबर प्रत्येकाने पाळीपाळीने काहीतरी करून आणायचं.

सूनबाई मुग्धा म्हणाली, "आई, जा ना, ओळखी होतील." गेले. सुमनची मी दोन मिनिटांत 'सू' झाले. तिकडे प्रेमाने सगळ्यांना 'डक' म्हणतात, तर मी 'सू डक'.

पहिल्या पाळीला बटाटेवडे नेले. मॉरीन म्हणून एक बाई होती, चहाची सगळी सत्ता तिच्याकडे. तिने अर्धा वडा चावून विचारलं, "ह्यात आमचाच बटाटा आहे? मग आमच्या हातून असा का होत नाही गं?" सगळे हसले. पण केनने चार वडे खाल्ले. पंचाहत्तरीचा विधुर, हात फावड्याएवढे. जमीन मोठ्या शेतकऱ्याला कसायला दिलेली, स्वतःपुरता एक एकर ठेवलेला. म्हणाला, "सू, पुढच्या वेळी दुकानातला घेऊ नकोस. माझा घे."

दुसऱ्या दिवशी दारात बटाट्यांचं पोतं! तिकडे तशीच पद्धत. बेल वाजवत नाहीत, आभार ऐकायला थांबत नाहीत. ठेवतात नि जातात.

मी पोतं उघडलं आणि... अहो, काय सांगू! घरात एखादा बटाटा कोपऱ्यात विसरून सडल्याचा वास ज्यांनी घेतलाय त्यांनाच कळेल. मेलेल्या उंदरासारखा, वर मोरीच्या तुंबलेल्या पाण्यासारखा, आणि तोंडात उतरणारा. मला वाटलं तळाशी एखादा नासलाय. एकेक करून सगळे ओट्यावर मांडले. एकूण एक टणक, पिवळसर, स्वच्छ! कापला तर आत लोण्यासारखा. पण वास तोच.

"मुग्धा, हुंगून बघ."

"कुठे काय, आई? मस्त आहेत की."

रोहनने हुंगला. "आई, सायनस असेल." नाक तपासून घेतलं तर नाक ठणठणीत. त्या दोघांनी भाजी करून खाल्ली आणि मी तोंडाला पदर लावून बागेत उभी. उरलेले मी कचऱ्यात टाकले. अन्न टाकताना जीव तुटला, पण शिवायचीसुद्धा किळस आली.

बुधवारी केनने विचारलं, "कसे होते?"

आता मला सांगा, तुम्ही काय म्हणाला असतात? प्रेमाने दिलेल्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत हे हाडात भिनलेलं. मी म्हणाले, "इतका गोड बटाटा मी जन्मात खाल्ला नाही." बापडा कानापर्यंत लाल झाला. गुरुवारी दारात दुसरं पोतं.

असं ऑक्टोबरपासून चाललं. तो आणायचा, मी टाकायचे, बुधवारी पुन्हा कौतुक करायचे. पुढे पुढे तो वास केनच्या अंगालाही यायला लागला. बाकी कुणाला नाही हं, मला. त्याने हातात घेतलेला गोळा मी रुमालाने पुसून घ्यायला लागले. त्याने पुढे केलेलं बिस्किट पर्समध्ये टाकायचं आणि घरी जाऊन पर्स धुवायची. एकदा मॉरीनला हळूच म्हटलं, "मला त्याच्या जोडीत नको घालूस." ती म्हणाली, "का गं? तुझं नाव काढलं की त्याचा चेहरा उजळतो." मी म्हटलं, "तो अंघोळ करतो ना?" मॉरीन माझ्याकडे बघतच राहिली. "सू, ह्या हॉलमधला सगळ्यात स्वच्छ माणूस आहे तो."

सोवळंओवळं मी कधी पाळलं नाही असं मोठ्या तोऱ्यात सांगायचे मी. आणि एका भल्या माणसापासून खुर्ची लांब ओढून बसत होते. त्याला ते दिसत होतं. पोतं मात्र येत राहिलं.

फेब्रुवारीतला एक बुधवार. दोन वाजून गेले तरी केन नाही. मॉरीन म्हणाली, "येईल. तुझंच पोतं भरतोय. सकाळी फोनवर म्हणत होता, कोठाराच्या खाली तळघरात निवडक ठेवलेत, सूसाठी काढतो. म्हणे, तिच्याएवढी पारख गावात कुणाला नाही."

मी मान डोलावली आणि तेवढ्यात वास आला. केन नव्हता, पोतं नव्हतं. मुख्य म्हणजे हॉलमध्ये फर्निचर पॉलिश आणि चहाशिवाय कशाचा वास नव्हता. आणि हा वास असा की नाकात बोळा कोंबल्यासारखा. मी सिंकपर्यंत पोचलेच नाही. त्या हिरव्या कार्पेटवर, सगळ्यांच्या देखत, ओकले. लाजेने मेले. बायका टॉवेल घेऊन धावल्या.

"बस, डक, बस. पाणी पी."

"केनकडे चल," मी म्हटलं. का म्हटलं ते विचारू नका. "मॉरीन, आत्ता. गाडी काढ."

पाच मिनिटांचा रस्ता. कोठारात तळघराची लाकडी झडप उघडी. खाली टॉर्च पेटलेला पडलाय आणि शेजारी केन, पालथा. मॉरीन शिडीवर पाय टाकणार तोच मी तिचा कार्डिगन दोन्ही हातांनी धरला. माझ्या माहेरी धान्याचं पेव होतं, जमिनीतलं. ते उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आतली हवा माणूस मारते, हे आम्हाला चालायला लागल्यापासून बजावलेलं. मॉरीन ओरडत होती, "सोड! मरेल तो!" मी सोडलं नाही. तिच्या मोबाइलवरून फोन केला. फायर ब्रिगेडचे लोक तोंडाला मास्क लावून उतरले. केनला बाहेर काढलं तेव्हा श्वास चालू होता, जेमतेम.

ते म्हणाले, खाली निम्मे बटाटे सडून त्यांचा रबडा झालाय, त्यानेच हवा खराब झाली. त्याच्याजवळ एक पोतं मिळालं, अर्धं भरलेलं. त्यातले बटाटे चांगले होते. बांधायच्या दोरीला चिठ्ठी, तिच्यावर 'सू'.

रोहन म्हणाला, "बघ, म्हणजे वास तिथलाच होता. तुझं नाक तीक्ष्ण." मलाही बरं वाटलं, चला, उलगडा झाला. पण केनची मुलगी अ‍ॅलिसन आली होती, ती म्हणाली, "पण बाबांनी तळघरात बटाटे ठेवले ते ख्रिसमसनंतर. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच. त्याआधीचे सगळे वरच्या कोठारातले, अख्ख्या गावाने खाल्ले." मग ऑक्टोबरमध्ये मला कशाचा वास येत होता?

आठवड्याने केनला भेटायला हॉस्पिटलात गेले. उशीला टेकून बसला होता, रंग परतला होता. शुक्रवारी घरी सोडणार म्हणून दाढीसुद्धा केलेली. रोहनने त्याला सगळं सांगितलं होतं. म्हणाला, "तर सू, हिवाळाभर वास येत होता तुला? माझ्या बटाट्यांना?"

आता लपवायचं काय? म्हटलं, "केन, एकही खाल्ला नाही. सगळी पोती टाकली. तुला वाईट वाटेल म्हणून खोटं बोलले."

तो हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. "सगळी? आणि मी मूर्ख, उरले त्यातले चांगले तुझ्यासाठी वेगळे काढत होतो!" मग डोळे पुसून त्याने आपला हात माझ्यापुढे धरला. धुतलेला, गुलाबी, नखं कापलेली. अगदी सहज विचारलं, "आता येतो का गं?"

मी वाकून हुंगला.

येत होता. पूर्वीपेक्षा जास्त.

तो वाट बघत होता, दाढी केलेल्या चेहऱ्याने. मी म्हटलं, "छे! साबणाचा वास येतोय."

गुरुवारी पहाटे तो गेला. झोपेतच. डॉक्टरांनी काहीतरी कारण लिहिलं, वयाचं, फुप्फुसांचं. रोहन म्हणतो, तू 'हो' म्हणाली असतीस तरी काय झालं असतं? नर्सला सांगणार होतीस, ह्यांच्या हाताला वास येतोय म्हणून? बरोबर आहे त्याचं. पण त्या खोटं बोलण्याबद्दल आजवर मी मॉरीनला, अ‍ॅलिसनला, रोहनशिवाय कुणालाच सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदाच लिहितेय.

तो वास नंतर परत कधी आला नाही. नाकाचा दोष म्हणावा तर मग थांबला का? तुमच्यापैकी कुणाला कारण सुचलं तर जरूर कळवा, मला नाही सुचत. आता कुणी हात पुढे केला की मी आधी श्वास रोखते आणि मगच हातात हात देते. लोकांना वाटतं बाई लाजाळू आहे.