तिसऱ्या मजल्यावरचं चित्र

रुपराव मनाने सरळ माणूस, पण नव्या यंत्रासोबत आलेला माहितीचा कागद वाचणं म्हणजे त्याला उस्तादाचा अपमान वाटे. केशव उस्तादाने त्याला नेटवर्कच्या वायरीला प्लग बसवायला शिकवलं ते एकाच वाक्यात: "जोडीले जोडी लाव, दोन्हीकडं सारखं." आठ रंगीत तारांच्या चार जोड्या शेजारी-शेजारी, बस. वीस वर्षं रुपरावने तसंच केलं आणि कॉम्प्युटर, कॅमेरे सगळे चालले.

धंतोलीतल्या त्या हॉस्पिटलात सहा वर्षांपूर्वी भिंतीतल्या वायरी त्यानेच टाकल्या होत्या. आता तिसऱ्या मजल्यावरच्या आयसीयूतल्या कॅमेऱ्याचं चित्र खालच्या हॉलमधल्या टीव्हीवर आणायचं होतं, कारण नातेवाईकांना वर सोडत नव्हते. चित्र पाठवणारा एक डबा वर, ते टीव्हीला देणारा एक खाली, मधे भिंतीतली ती वायर. वायर आपणच टाकलेली, मग काय, अर्ध्या तासाचं काम!

टीव्हीसमोर एक वाजल्यापासून प्रयागबाई बसली होती. नवरा, बापूजी, चार दिवसांपासून वर; तिने त्याला एकदाही पाहिलं नव्हतं. चार वाजता दिसतील, असं तिला सांगितलं होतं.

चार वाजले. डब्यांवरचे दिवे लागले, टीव्ही काळाच. रुपरावने डबे बदलले, बंद-चालू केलं, देवाचं नाव घेतलं.

"काहून गा भाऊ, दिसून नाही राहिलं?"

"होऊन राहिलं मावशी. पाच मिनिटं."

अशी पाच मिनिटं त्याने चारदा मागितली. शेवटी लाज गिळून डबे विकणाऱ्या विक्कीला फोन लावला.

"रंग कसे लावले?" विक्कीने विचारलं आणि ऐकून म्हणाला, "कॉम्प्युटर चालते त्याच्यावर, हे डबे नाही चालत. हिरवी जोडी फोडा, तिच्या मधात निळी टाका. दोन्ही टोकं नव्यानं करा. कागदावर लिहून हाये ना."

रुपरावचे कान तापले. गाऊन चढवून तो वर गेला. प्लग नेमका बापूजींच्या उशामागे होता. तो तारा सोलत असताना म्हातारा जागा झाला.

"बुढी आली काय गा?"

"खाली बसून हाये. आता टीव्हीत पायते तुमाले."

बापूजींनी सलाईनचा हात कसाबसा उचलून केस सारखे केले.

रुपराव धावतच जिने उतरला. खालचा प्लग घाईत बिघडला, तो कापून पुन्हा केला. साडेपाच झाले. प्लग खटकन बसला आणि टीव्हीवर चित्र आलं, लख्ख. आयसीयूतली मिनल सिस्टर बापूजींच्या तोंडावर चादर ओढत होती.

प्रयागबाई मान खाली घालून पदराने चष्मा पुसत होती. रुपरावने स्वतः बसवलेला प्लग उपटला. तिने चष्मा लावून वर पाहिलं.

"आलं होतं काय गा?"

"नाही मावशी." आपण रंग नीट लावले असते तर चार वाजता तिने बापूजींना पाहिलं असतं, एवढंच त्याच्या डोक्यात घणासारखं वाजत होतं.

"राहू दे. दुपारपासून राबून राहिला तू," ती म्हणाली. "उद्या पाहीन."

वरून कोणीतरी सांगायला येईपर्यंत तो तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून राहिला.