टोपाशिवायची आई

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्यापासून मी तसं काही लपवत नाही, माझ्या साहेबाच्या शिव्यांपासून पोटात उठणाऱ्या कळांपर्यंत तिला सगळं ठाऊक असतं. पण हे नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. तुमच्या दारात मला कधी उभं राहावं लागणार नाही, म्हणूनही असेल. काहीही असो. आता सुरुवात केलीच आहे, तर —

पण आधी बोहाड्याबद्दल सांगायला हवं. त्याशिवाय तुम्हाला कळणार नाही मी काय केलं ते.

मी राहतो नाशकात, इंदिरानगरला. गाव पेठच्या पुढे, डोंगरात. आमच्याकडे चैत्रात बोहाडा असतो. देवांचे आणि राक्षसांचे लाकडी मुखवटे घालून संबळाच्या तालावर नाचायचं, त्याला आम्ही सोंग म्हणतो. गणपती येतो, मारुती येतो, त्राटिका येते, आणि शेवटी, पहाट फुटताना, देवी. ती म्हसासुराला मारते आणि मग घरोघर जाते. लोक तिचे पाय धुतात, ती डोक्यावर हात ठेवते. ज्याच्या अंगावर सोंग आहे त्याला त्या वेळी कुणी नावाने हाक मारत नाही. काल ज्याच्याशी बांधावरून भांडण झालं, त्याच्याही पाया पडतात. कारण तो तेव्हा तो नसतोच.

प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराकडे. देवीचा आमच्याकडे. आम्ही तिला देवी म्हणत नाही, आई म्हणतो. उंबराच्या लाकडाची आहे ती, माझ्या पणजोबांच्याही आधीची. वर्षभर देवघरात कापडात गुंडाळलेली असते. बोहाड्याआधी तिला खाली काढून, पुसून, तेल लावून, मग रंगाचा हात द्यायचा. हे फक्त घरच्यांनी करायचं. आणि एक नेम आहे: टोप चढवल्याशिवाय आई कुणाला दाखवायची नाही. टोप म्हणजे तिचा मुकुट. आपली आई न्हाऊन केस मोकळे सोडून बसली असेल, तर आपण बाहेरच्यांना आत बोलावतो का? तसंच ते. तिच्या कपाळावर एक जुनी चीर आहे, लाखेने भरलेली. टोप घातला की झाकली जाते. ती चीर पाहिलेली माणसं गावात तीनच होती — माझा बा, मी, आणि काशिनाथ.

काशिनाथ माझा चुलतभाऊ. माझ्याहून लहान. बाचे गुडघे गेल्यापासून आई तोच नाचवायचा. मी नोकरीवाला, मला कुठली सवड. आणि खरं सांगू का? मला लाज वाटायची. कंपनीत कुणी गाव विचारलं, तर मी नुसतं ‘पेठ रोडला’ म्हणायचो. ऐकणाऱ्याला वाटावं, शहरातच कुठेतरी.

एका वर्षी मात्र मी बोहाड्याआधी रजा काढून गेलो. काशिनाथ तेव्हा दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत कामाला होता, त्याला मुकादम सोडेना. बाने मला मदतीला बसवलं. आई कापडातून बाहेर आली. बा तेलाची वाटी आणायला आत गेला, खिडकीतून तिरीप आली आणि ती लाखेची चीर लालभडक चमकली. किती देखणी दिसत होती ती! मी मोबाइल काढला. बा येईपर्यंत परत खिशात टाकला.

तो फोटो मी काशिनाथला पाठवला. त्याला बिचाऱ्याला येता आलं नव्हतं ना. त्याचं लगेच उत्तर आलं — “दादा टोप नाय घातला तिला. काढून टाक हा फोटो. मी पन टाकला काढून.” मी हसलो. काढून टाकणार होतो. नाही टाकला.

इथपर्यंत ठीक होतं. इथे थांबलो असतो, तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

आमच्या बिल्डिंगमध्ये सचिन म्हणून एक मुलगा राहायचा. जाहिरातींची चित्रं, हॉटेलांची मेनूकार्डं वगैरे करायचा. एकदा जिन्यात भेटला. म्हणाला, “काका, तुम्ही तिकडचे ना, आदिवासी भागातले? गंगापूर धरणाकडे एक रेस्टॉरंट होतंय. त्यांना इथलं काहीतरी अस्सल हवंय. वारली चित्रं नकोत, ती आता टॉवेलवरपण येतात.”

वीस-बावीस वर्षं या शहरात काढली होती मी. माझ्या गावाबद्दल कुणी असं डोळे मोठे करून विचारलेलं हे पहिल्यांदा. मी तिथेच, जिन्यात उभा राहून, फोन काढला. आईचा फोटो दाखवला. तो म्हणाला, “बाप रे!” बस, त्या ‘बाप रे’साठी — मी तो त्याला पाठवून दिला. एक पैसा घेतला नाही. घेतला असता, तर निदान लोभ म्हणता आला असता. हे काय होतं? मला मोठं वाटून घ्यायचं होतं, तेवढंच.

पुढे मी विसरून गेलो. खरंच विसरलो.

आमच्या गावच्या हिराबाईला त्या रेस्टॉरंटात काम लागलं होतं. टेबलं पुसायची, उष्टं उचलायचं. तिथे ताटाखाली कागद घालायचे, छापील. एकदा वापरायचा आणि टाकायचा. नवे कागद आले तेव्हा हिराबाईने पाहिलं, त्यावर आईचा मुखवटा. तिने चीर कधी पाहिली नव्हती, पण नाक-डोळे ओळखायला तिला चीर कशाला लागते? जन्मापासून ती त्या मुखवट्यापुढे डोकं टेकवत आलेली. आणि आता लोक त्यावर ताट ठेवत होते, रस्सा सांडत होते, हाडकं काढून ठेवत होते. जेवण झालं की कागद चुरगाळून बादलीत.

तिला ते टाकवेना. मुकादमबाईचा डोळा चुकवून ती एकेक कागद उचलत राहिली, पुसून, घडी घालून. पोतं भरलं तेव्हा काम सोडलं आणि एसटीने गावी आली. पोतं मांडीवर घेऊन, कारण पायाशी कसं ठेवणार?

ती आली त्या रविवारी मी गावात होतो. तिने ते पोतं आमच्या ओट्यावर उघडलं आणि रडायला लागली. तेलाचे डाग पडलेल्या, हळदीने पिवळ्या झालेल्या, दुमडलेल्या, शेकडो आया. सगळ्यांच्या कपाळावर ती चीर. डोक्यावर टोप नाही.

बाने एक कागद उचलून त्या चिरेवर बोट ठेवलं. दुपारी मला एकट्याला गाठून त्याने विचारलं, “तुझ्या हातून तर नाय ना गेला?”

मी म्हणालो, “नाही, बा.”

इतकं सोपं असतं, बघा. दोन शब्द.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर गाव जमलं. ती चीर घरच्या माणसाशिवाय कुणी टिपू शकत नाही, हे बानेच सांगितलं. खाली मान घालून सांगितलं. म्हणजे आम्ही तिघं. बाचा फोन साधा, बटणांचा. लोकांची नजर काशिनाथकडे जायला लागली, कारण तो हौशी होता. नाचाचे व्हिडिओ टाकायचा, नाशिकहून पाहुणे आले तर त्यांना धबधबे दाखवायला न्यायचा. तरी कुणी नाव घेत नव्हतं. एक म्हातारबुवा म्हणाले, “भांडान नको. तिघाबी आईवर हात ठेवा, न् सांगा. आई बघून घेईल.”

आईवर हात ठेवून. मला ते जमणार नव्हतं. बाशी खोटं बोललो होतो, सचिनशीही बोललो असतो, पण तिच्यावर हात ठेवून — नाही. आणि तेव्हा मी बोललो. शिकलेला माणूस बोलतो तसं, शांतपणे, सगळ्यांचं भलं बघून बोलल्यासारखं.

“शपथा कशाला? मोबाइल तपासा ना. माझा घ्या, काशाचा घ्या.”

माझ्या मोबाइलमध्ये काही नव्हतं. दुपारीच, बाशी बोलणं झाल्यावर, मी सगळं पुसलं होतं. आणि काशिनाथने त्याच्या समजुतीप्रमाणे फोटो कधीच काढून टाकला होता. म्हणजे निरोपांमधून. पण आलेला फोटो फोन आपोआप दुसरीकडेही ठेवतो.

हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं.

त्याने स्वतःहून फोन पुढे केला. हसत. “घ्या, बघा, नाचाचेच हायेत सगळे.” सरपंचाच्या पोराने बोट फिरवलं, फिरवलं, आणि तो थांबला. फोन हातोहात फिरला. चीर. टोप नाही.

काशिनाथने तो पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्याला आठवलं होतं. सगळं आठवलं होतं, माझा निरोप, त्याचं उत्तर. एवढंच म्हणायचं होतं त्याने, ‘दादानेच पाठवला’. मी त्याची वाट बघत होतो. तो म्हणाला असता, तर मी काय केलं असतं? नाकारलं असतं? आजही सांगता येत नाही, आणि हेच मला सगळ्यांत जास्त खातं.

“बोल की रं काशा!” कुणीतरी ओरडलं.

तो म्हणाला, “आईला ठाव हाय.” आणि खाली बसला.

लोकांना तो कबुलीजबाब वाटला. हिराबाई उठून त्याच्यासमोर गेली आणि म्हणाली, “तिच्या जिवावर नाचत व्हता ना रे मुडद्या?” त्याचं सोंग काढून घेतलं. देवघराची पायरीही त्याला बंद. बा म्हणाला, आता आई माझ्या लेकाने नाचवायची. म्हणजे मी.

ते पोतं आम्ही नदीत सोडलं, मूर्ती सोडतात तसं. सगळा गाव आला होता. काशिनाथ समोरच्या काठाला एकटा उभा होता.

यापुढचं ऐकून तुम्हाला माझा राग येईल, यायलाच हवा. रेस्टॉरंटच्या मालकाला पत्र मीच लिहिलं: आमच्या परवानगीशिवाय आमच्या दैवताची विटंबना, वगैरे. त्यांनी माफी मागितली, कागद बंद केले. सचिनचा फोन आला, “काका, तुम्हीच दिलात ना तो?” मी म्हणालो, “दाखवला होता. दिला नव्हता.” त्याने फोन ठेवला. नंतर पुण्याला गेला राहायला. मग मी पेपरात लेख लिहिला, बोहाड्याची चिन्हं आणि त्यांचा बाजार यावर. लोकांना आवडला. कॉलेजात बोलवायला लागले. गावाच्या वेशीवर ‘मुखवट्यांचे फोटो काढू नयेत’ असा फलक आहे, त्यावरचा मजकूर माझा. गावाने शाल दिली, श्रीफळ दिलं. पूर्वी गावाचं नाव सांगायला लाजायचो, आता सभेत पहिलं वाक्य तेच असतं. आणि त्या भाषणांत मी जे बोलतो ते खरंच असतं, हो. माझं मत आहे ते, मनापासून. मग त्या मताचं मी काय करू?

आई नाचवायला मी शिकलो. फार वाईट नाही नाचत. पण मुखवटा आतून कसा असतो, ते बाहेरच्याला कळत नाही. लाकूड कपाळाला रुततं, म्हणून आत चिंधी लावतात. ती काशिनाथची आहे, त्याच्या जुन्या फेट्याची. खोबणी त्याच्या कपाळाच्या मापाने पडलेली. मी ती चिंधी काढायला गेलो होतो पहिल्या वर्षी. तिच्याशिवाय मुखवटा बसेना. तशीच ठेवली. ती तोंडाशी आली की अजून त्याच्या घामाचा वास येतो. की मला वाटतो?

यंदाच्या बोहाड्याआधी बा म्हणाला, “माझं काय खरं नाय. देवीचा मान कायमचा तुझ्या घराला बांधून देतो, पंचांसमोर. काशाच्या वंशाला नको.” तेव्हा तरी बोलायचं होतं. बा अंथरुणावर होता, माझा हात त्याच्या हातात होता, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, “तुम्ही म्हणाल तसं, बा.”

फोटो मी काढला. मी दिला. काशिनाथने नाही.

यंदाही पहाटे म्हसासुर पडला, संबळ संथ झाला, आणि आई घरोघर निघाली. काशिनाथचं घर शेवटचं, ओढ्याकडे. दरवर्षी मला वाटतं, या वर्षी तो दार लावून घेईल. दरवर्षी दार उघडं असतं, अंगण सारवलेलं असतं. तो तांब्या घेऊन बाहेर आला. केस पांढरे झालेत त्याचे. वाकला आणि माझ्या पायांवर पाणी घातलं, टाचांपासून बोटांपर्यंत हाताने चोळून पाय धुतले. मग उठून मुखवट्याकडे बघत उभा राहिला. टोप जरासा कलला होता. नाचताना कलतो, मला तो अजून नीट बांधता येत नाही. त्याने दोन्ही हात वर करून तो सरळ केला, कपाळ पुरतं झाकलं जाईल असा, आणि मागची गाठ आवळून दिली.

“हां,” तो म्हणाला. “आता दिसत नाय.”

मग पुन्हा वाकला आणि डोकं पुढे करून थांबला. मागे लोक थांबले होते, संबळवाला थांबला होता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.