निळी गंगी

सुताराने दाराला जवसाचं तेल लावलं, आणि त्या वासासरशी मी इंग्रजांच्या राज्यातल्या सोलापुरात, आमच्या गिरणीच्या चाळीत पोचले.

धाकटी बहीण गंगी तापानं गेली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तिचा एकही फोटो नव्हता. चाळीशेजारच्या बंगल्यातल्या वकिलांची सून इंदूताई मुंबईत चित्रकला शिकली होती. आईनं तिला विनवलं, "ताई, माज्या पोरीचं तोंड तेवढं काडून द्या की."

इंदूताईनं जवसाच्या तेलात कालवलेल्या रंगांनी कापडावर जीव ओतून चित्र काढलं. धनगरणी भिंतीवर गेरूनं रेखतात तसे मोठाले डोळे, आणि नव्या विलायती चित्रांसारखा अर्धा चेहरा निळा. आई रडायलाच लागली. "ही माजी गंगी न्हाय." मीही तोंड फिरवलं.

"उन्हातून सावलीत पळताना मला ती अशीच दिसायची हो," इंदूताई पुटपुटली आणि चित्र परत घेऊन गेली.

वर्षभरानं आईला गंगीचा चेहरा आठवेनासा झाला. मला घेऊन ती स्वतःच चित्र मागायला गेली. इंदूताईचे डोळे भरून आले. त्याच कापडावर तिनं दुसरं चित्र रंगवलं होतं.

आईनं त्या रंगांवर हळूच हात ठेवला. "पण खाली हाय न्हवं ती?"

"आहे," इंदूताई म्हणाली.