सड्यावरची नऊ टोपली आणि लवूच्या गायी

लवू,

वाचनालयाच्या अंकात गावातल्या एका माणसावर लिहा, असं मला सांगितलं आणि मी तुला निवडलं. तुझ्यामागे लिहिलं असतं तर तू ‘बाईनी माजी बदनामी केल्यानी’ म्हणत वाडीभर फिरला असतास. म्हणून तुलाच लिहिते. बाकीच्यांनी खांद्यावरून वाचावं. माझा पुतण्या कौस्तुभ मराठी अंक हातात धरत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दलही मोकळेपणी लिहिता येईल.

आधी खेळ सांगून टाकते, कारण निम्म्या मसुऱ्याला अजून वाटतं की सड्यावर, म्हणजे माझ्या जांभ्या कातळाच्या माळावर, मोबाइलचा टॉवर येतोय. डिस्क गोल्फ म्हणजे प्लास्टिकची चपटी थाळी लांबून फेकायची आणि साखळ्या लोंबणाऱ्या लोखंडी टोपल्यात पाडायची. कमी फेकींत पाडेल तो जिंकला. कौस्तुभ बंगळुरूची नोकरी सोडून आला आणि माझ्या सड्यावर अशी नऊ टोपली रोवून बसला. प्रत्येक टोपल्यासाठी, उभं राहून फेकायला एक ओटा. तू पहिल्या दिवशी काजूखाली बसून सगळं पाहिलंस आणि मला येऊन म्हणालास, ‘बाई, आपणच फेकतत आणि आपणच सोदूक जातत. हेंका घरात कोण काय बोलणा नाय?’

तुझी माहिती द्यायची तर ती फार नाही. तुझे वडील गंगाराम आमचं भात करायचे. तू सातवीत शाळा सोडलीस, फोंडाघाटात ट्रकवर क्लीनर राहिलास आणि ड्रायव्हर झोपू देत नाही म्हणून परत आलास. मग गायी. गायींशी तू जेवढं बोलतोस त्याच्या निम्मंसुद्धा बायकोशी बोलत नाहीस. सावित्रीची त्याबद्दल काही तक्रार नाही, हेही मी तिच्याच तोंडून ऐकलंय.

आता मुद्द्याचं. बांद्याचा एक चिरेखाणवाला माझ्या मागे लागला होता. सडा द्या, जांभा काढतो. मी कौस्तुभला सरळ सांगितलं, ‘पुण्याच्या क्लबची स्पर्धा इथे आणलीस तर सडा तुझा. नाही तर त्याचा. तुझ्या थाळ्यांकडे बघत बसायला मला वेळ नाही.’ तू दारात उभा होतास.

‘आणि माजी ढोरां खंय चरतली?’

‘मला काय विचारतोस? त्याला विचार.’ मी कौस्तुभकडे बोट केलं.

दुसऱ्या दिवशी तू न बोलावता मैदानाच्या कामाला लागलास.

तुझी पद्धत मी विसरणार नाही. पावसानंतर सड्यावर गवत कमरेएवढं, थाळी पडली की गेलीच. कौस्तुभ गवत कापायच्या मशीनची चित्रं फोनवर बघत होता. तू सरळ तुझ्या लक्ष्मी गायीला टोपल्याच्या खांबाला बांधलंस. दाव्याच्या टापूतलं गवत तिने साफ केलं, की पुढच्या टोपल्याला. कौस्तुभ धावत आला.

‘काका, ते बास्केट आहे! खुंटा नाही!’

‘गाय बांधली काय खुटोच, रे झिला.’

‘खांब वाकेल ना!’

‘वाकलो तर ती काय पळान जातली? खाता हा ती.’

कौस्तुभ माझ्याकडे दाद मागायला आला. मी त्याला खिडकीतून दाखवलं. प्रत्येक टोपल्याभोवती, कर्कटकाने आखावं तसं, लुसलुशीत गोल वर्तुळ. त्याने फोन खिशात घातला. शेणाचे ढीग मात्र जागोजाग होते, आणि ते उचलायचे कोणी यावर तुमचं दोघांचं दिवाळीपर्यंत वाजलं.

दिवाळी झाली आणि पुण्याहून त्या क्लबची संचिता मैदान तपासायला येणार म्हणून निरोप आला. ओटे खडबडीत, दगड वर आलेले. कौस्तुभ म्हणाला, ‘काका, ओटे जरा नीट करा.’ एवढंच म्हणाला. यात त्याचीही चूक आहे. नीट केलेला ओटा म्हणजे काय, हे तुला आणि सावित्रीला वेगळं सांगावं लागतं का? तुम्ही लाल माती आणलीत, पाणी मारलंत, चोपण्याने चोपलीत आणि आदल्या संध्याकाळी नऊच्या नऊ ओटे शेणाने सारवलेत. सावित्रीने कडेने रांगोळीची रेघसुद्धा ओढली. मळणीला खळं करावं तसं.

संचिता मुलगी चांगली, उंच, पायात भारीतले बूट. पहिल्या ओट्यावर पाय टाकणार तोच तू आडवा झालास.

‘चपलो भायर, गो बाय. सारवलला आसा.’

तिने कौस्तुभकडे पाहिलं. कौस्तुभने आभाळाकडे पाहिलं. मग तिने बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी थाळी फेकली. पुढच्या ओट्यांवर तर न सांगता काढू लागली. टोपल्याजवळ गेली की वाकून वाकून गवत बघायची.

‘इतकी गोल वर्तुळं मी कुठे पाहिली नाहीत. मशीन कोणतं वापरता?’

‘मशीन थंय बसलाहा,’ तू लक्ष्मीकडे बोट केलंस. ‘रवंथ करता.’

माझ्या मते तेव्हाच काम झालं होतं. पण सहावा ओटा काजूच्या सावलीत. तिथे ऊन कुठलं लागायला? संचिताने जोरात हात मागे नेला, थाळी एकीकडे गेली, ती दुसरीकडे, आणि ओल्या शेणात फतकल मारून बसली. तुझा चेहरा असा झाला की जणू खाणवाल्याचा जेसीबीच समोर उभा आहे. कोणी हलेना. सावित्री तेवढी पुढे झाली.

‘बसलंस? बरा झाला. सकाळपासना उभाच आसस. बस, चाय हाडतंय.’

पोरगी हसली. सगळ्यांत उशिरा तू हसलास.

सावित्रीचं लुगडं गुंडाळून, चहा पिता पिता तिने निकाल दिला. स्पर्धा इथे होईल. पण ओटे खरखरीत सिमेंटचे करा, आणि मैदानावर गाय दिसता कामा नये.

‘सिमिटाचा काय ता करा,’ तू म्हणालास. ‘पण गाय नाय तर गोल खंयसून येतलो?’

‘खेळताना नको म्हणते मी, काका.’

‘मग सोमार ते सुक्रार ढोरां, शनवार-आयतवार तुमी.’

‘आणि शेण?’

‘ता कौस्तुभ उचलतलो.’

‘मान्य,’ ती म्हणाली. कौस्तुभला कोणी विचारलंच नाही.

मी दिलेला शब्द पाळते. त्याच संध्याकाळी तुला बोलावलं. खाणवाल्याने मापासाठी ठोकलेल्या सळ्या, लाल फडकी बांधलेल्या, सड्याच्या कडेला उभ्या होत्या. म्हटलं, ‘त्या उपट, उद्याच्या एसटीने बांद्याला जा, त्याच्या हातात दे आणि सांग की बाई सडा देत नाहीत. फोनवर तो ऐकत नाही.’

तू पाय खाजवत उभा राहिलास.

‘जातंय. पण बाई, आज कौस्तुभ उजाडल्या उजाडल्या दगड येचूक गेल्लो. कित्याक? सळयो दिसतत, खाण येतली असा वाटता म्हणान. सळयो गेल्यो काय तो परत धा वाजता उठतलो.’

मी जरा विचार केला.

‘मग उद्याच कशाला?’

‘परवा जातंय.’

स्पर्धा होऊन गेली. आंगणेवाडीची जत्रा झाली. फडकी उन्हाने गुलाबी पडली तेव्हा सावित्रीने नवी लाल बांधली. कौस्तुभ उजाडताच घमेलं घेऊन शेण उचलतो आणि जाता जाता त्या सळ्यांकडे बघतो. बांद्याची गाडी रोज नाक्यावरून जाते. तू तिच्यात बसला नाहीस, आणि मीही विचारलेलं नाही.